सातवी बाटली

"होडी पाहिजे होती. परवा सकाळी, तीन-चार तास."

"मिळणार न्हाई."

बाई रागावली नाही. जीपमधून थर्माकोलची एक मोठी पेटी उतरवून तिनं माझ्या जाळ्यांशेजारी ठेवली आणि म्हणाली, "मच्छीमार सोसायटीत सांगितलं, या तलावावर एकच होडी आहे आणि ती ज्ञानू भोयांची आहे."

"हाय. आणि ती मी देत न्हाई."

"का?"

"बायको मेलीया माझी. सतरा दिवस झाले. एवढं कारण बास का आनी पायजे?"

ती पेटी उचलायला वाकली. खरं तर मी तिथंच थांबायला हवं होतं, पण त्या दिवसांत माणूस दिसलं की माझ्या तोंडात भांडणच यायचं.

"पेटीत काय हाय? बर्फ? पार्टी करायला आलाय व्हय तलावावर?"

"बाटल्या आहेत. पाण्याच्या."

"पाण्याच्या बाटल्या घिऊन तलावावर?"

"रिकाम्या आहेत," ती म्हणाली. "तुमचं पाणी न्यायला आलेय."

तिचं नाव रेश्मा मुजावर. मिरजेकडची, कॉलेजात शिकवायची आणि तलावांतल्या माशांचा अभ्यास करायची. जाळं न टाकता कुठल्या तलावात काय राहतं ते शोधायचं, असं तिचं काम होतं. ती म्हणाली, जनावर पाण्यात राहिलं की त्याची कातडी झडते, लाळ सुटते, घाण पडते. त्या कणाकणात त्याची ओळख असते, तिला डीएनए म्हणतात. तांब्याभर पाणी गाळलं की गाळणीवर ती ओळख राहते, आणि प्रयोगशाळेत यादी निघते.

"यादीत काय येतं?"

"मासे, कासवं, पाणमांजर असलं तर पाणमांजर. काठावर पाणी प्यायला येणारा कोल्हासुद्धा येतो कधी कधी."

"मगर?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "असली तर मगरही."

"होडी न्या," मी म्हणालो. "भाडं नगं. पर मगर शोधायची."

"मी माशांसाठी आलेय, तात्या. पण जे पाण्यात असेल ते यादीत येईलच. आणि नसली, तर नाही म्हणूनच लिहीन."

"हाय ती."

"बघितलीत?"

"माझ्या बायकोला तिनं न्हेलं."

त्या वेळी गावात हे मी एकटाच म्हणत होतो.

माझी बायको मंदा मे महिन्यात गेली, तिच्या भावाच्या पोरीच्या लग्नाच्या दिवशी. भाऊ म्हणजे दिनकर. साखर कारखान्यात नोकरीला, तलावापलीकडं हायवेच्या बाजूला त्याचं घर. त्यानं लग्नाची पत्रिका स्वतः येऊन दिली नाही. दूधवाल्याच्या हातून पाठवली. आमच्यात सख्ख्या बहिणीच्या घरी जोडीनं यायचं, कुंकू लावायचं, अक्षता द्यायच्या आणि मग या म्हणायचं. पत्रिका दुधाच्या किटलीवर ठेवून आली. मी म्हणालो, जायचं नाही. मंदा म्हणाली, मी आत्या आहे, भाचीच्या लग्नात आत्याचा मान असतो. मी म्हणालो, आधी आमचा मान. आठ दिवस हेच चाललं होतं. शेवटच्या दिवशी सकाळी आमचं भांडण शेजारच्या चार घरांनी ऐकलं. त्यानंतर ती तलावाकडं गेली आणि परत आली नाही.

तिसऱ्या दिवशी ती घाटापासून थोड्या अंतरावर वर आली. एका पायाचा लचका गेला होता. डॉक्टरनं बुडून मरण आलं असं लिहिलं आणि म्हणाला, पायाचं नंतर झालेलं असणार, मासे, कासवं खातात. पण दोन वर्षांपूर्वी महापुराच्या साली एका धनगरानं सांडव्याखाली मगर बघितली होती. नदीतनं ओढ्यानं चढून आली असेल. मी तेवढंच धरून ठेवलं.

गावाला मगर पटली नाही. गावाला भांडण पटलं. मंदानं जीव दिला, नवऱ्यानं माहेरच्या लग्नाला सोडलं नाही म्हणून दिला, असं बायका घाटावर उघड बोलायच्या. मी दिसलो की गप्प व्हायच्या, आणि ते जास्त वाईट होतं. एकुलती एक पोरगी सुवर्णा, कराडकडं दिलेली. दिवस गेले होते तिला. दहाव्याच्या दिवशी ती मामाच्या घरी उतरली, माझ्या दारात आली नाही. घाटावर समोर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "मला असं सोडून आई गेली, आबा. तुम्ही तिला काय केलंसा?" मी म्हणालो, मगरीनं नेली. ती वळून गेली. नंतर फोन केला तर उचलायची नाही.

म्हणून मला ती मगर पाहिजे होती.

बाई गेली, पण तिचं एक वाक्य मागं राहिलं. "नसली, तर नाही म्हणूनच लिहीन." मधे एक दिवस होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी सांगलीच्या अलीकडं, कृष्णेकाठच्या माझ्या आतेभावाकडं गेलो. तिथं मगरी नव्या नाहीत. उन्हाळ्यात काठावर लाकडासारख्या पडलेल्या असतात, लोक लांबनं बघत जातात. आतेभावानं जागा दाखवली. मगर पाण्यात सरकली तशी मी खाली उतरलो. चिखलात तिच्या पोटाचा ठसा होता आणि शेजारी तिची पांढरट विष्ठा. ती मी कॅनमध्ये भरली आणि वर तिथलंच पाणी घेतलं.

"अरं तिच्या आयला, कशाला ते?" आतेभाऊ वरनं ओरडला.

"औषधाला."

"कुणाच्या?"

मी कॅनचं झाकण लावलं. त्यानं मला वर यायला हात दिला, पण कॅन धरायला तयार झाला नाही.

ठरल्या दिवशी मुजावर मॅडम सातला हजर झाली. आधी तिनं माझ्या होडीला आतनं ब्लीचिंगचं पाणी मारलं. मग स्वतः रबरी हातमोजे घातले. मी बाटली पुढं करायला गेलो तर म्हणाली, "हात लावू नका."

"का? भोयाच्या हाताचा इटाळ हुतोय?"

"तुमच्या हाताला आजवर पकडलेल्या सगळ्या माशांची ओळख चिकटलीय. ती पाण्यात गेली तर यादी खोटी येईल."

मला ते पटलं, पण मी पटल्याचं दाखवलं नाही. सहा जागी होडी थांबवायची होती. मी वल्हवत होतो. ती बाटली बुडवायची, झाकण लावायची, पेटीत ठेवायची, मोजे बदलायची. तिसऱ्या जागी तिनं पेटीतली एक आधीच भरलेली बाटली काढली, उघडली, थोडा वेळ तशीच उघडी धरली आणि झाकण लावून परत ठेवली. हे कशाला, असं माझ्या मनात आलं. मी विचारलं नाही. मी तिच्याशी लागेल तेवढंच बोलत होतो.

पाचवी जागा घाट. तिथं मी पाठ करून बसलो.

"इथंच का?" तिनं विचारलं.

"तुमी पानी घ्या."

काठाला आल्यावर तिचा फोन वाजला. खाली रेंज नव्हती, म्हणून ती बोलत बोलत बांधावर चढली. ड्रायव्हर जीपमध्ये झोपला होता. मी जाळ्याखालचा कॅन काढला. त्यातला गाळ खाली बसला होता, वरचं पाणी मी चहाच्या कपात घेतलं आणि एकेका बाटलीत दोन-दोन घोट ओतलं. घाई होती, तरी एकही बाटली सोडली नाही. सगळ्यांत सारखं घातलं, म्हणजे शंका यायला नको. झाकणं घट्ट लावली. ती उतरली तेव्हा मी होडीतलं पाणी उपसत होतो.

"तात्या, मदत झाली तुमची," ती म्हणाली. "घरी कोण असतं आता?"

"कुनी न्हाई."

"जेवता ना?"

"तुमची जीप निघाली," मी म्हणालो.

यादी यायला सहा-सात आठवडे लागणार होते. मी ते गावभर सांगितलं. पाण्याची तपासणी झालीय, मगर निघणार, मग बघू कोण काय बोलतं ते. दिनकरला कळलंच. चहाच्या टपरीवर चार माणसांत तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"काय दाजी, बाटलीतनं मगर काढनार म्हनं?"

"काढनार."

"शेपटी बसंल का तुमच्या बाटलीत?"

लोक हसले. मी म्हणालो, "दिनकर, पत्रिका द्यायला पाय झिजत हुते तुझे. हितं हसायला बरा आलास."

त्याचं हसणं गेलं. "माझी चूक झाली, दाजी. हळदीच्या आदल्या दिवशी तिला फोनवर तसं म्हनालो बी. ती म्हनाली, दादा मी येतो. मी मांडवात वाट बघत बसलो, आनी तिकडं तुमी तिला जीव द्यायला लावलासा."

"मगरीनं न्हेली तिला."

"मग यिऊ द्या तुमची मगर. सुवर्णाला बी बोलावतो मी. तिच्या म्होरं काढा."

मला तेच पाहिजे होतं.

जुलैच्या शेवटी मॅडमचा निरोप आला की ती ग्रामपंचायतीत येऊन तलावाची माहिती देणार आहे. तलाव तोवर भरून सांडव्यावरनं वाहत होता. पंचायतीच्या हॉलमध्ये सोसायटीची माणसं, बायका, दिनकर. सुवर्णा भिंतीला टेकून बसली होती. पोट दिसत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, किती दिवसांनी.

मॅडमनं आत न जाता मला खुणेनं मागच्या पायरीवर बोलावलं. तिचा चेहरा बघूनच मला काहीतरी कळलं.

"तात्या, मिरजेत फिल्टरच्या पाण्यात मगर असते का?"

"काय?"

"सात बाटल्या होत्या. जागा सहा. सातवीतलं पाणी मी प्रयोगशाळेतनं आणलं होतं, एकदम स्वच्छ. आपल्या हातून, होडीतून, हवेतून काही घाण गेली का ते कळावं म्हणून ती बाटली बरोबर न्यायची असते. तिच्यात काहीही सापडायला नको. तिच्यात मगर निघाली."

मी पायरीवर बसलो.

"आणि मगरीबरोबर नदीतले मासे निघाले, ते या तलावात नाहीतच. कुठनं आणलंत? कृष्णेवरनं?"

"मला म्हाईत न्हाई."

"खोटं बोलू नका!" ती एवढ्यांदा म्हणाली की आतली कुजबूज थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझं काम वाया गेलं, ते जाऊ दे. पण त्या दिवशीच्या पाण्याला खरंच माहीत होतं. मगर असती तर त्यात आली असती. नसती तर तेही कळलं असतं. तुमच्या बायकोचं काय झालं ते सांगणारी ती एकच गोष्ट उरली होती, आणि ती तुम्ही स्वतःच्या हातानं पुसलीत."

"परत घ्या पानी."

"घेईन. पण आता सगळं नवं पाणी आहे. तेव्हाचं पाणी सांडव्यावरनं कधीच गेलं. एकदा तरी विचारलं असतंत, बाई ही बाटली कसली, तर मी सांगितलं असतं."

"आत काय सांगनार?"

"नमुने बिघडले."

"हुती म्हनून सांगा. तुमचं काय जातंय? माझी पोरगी बसलीया आत."

"म्हणूनच नाही सांगणार," ती म्हणाली आणि आत गेली.

तिनं उभं राहून चार वाक्यांत संपवलं. नमुन्यांत बाहेरची भेसळ झाली, त्यामुळं या तलावात मगर होती किंवा नव्हती, दोन्ही म्हणता येत नाही. भेसळ कुणी केली ते तिनं सांगितलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही.

दिनकर उठला. "म्हंजे न्हाई. सरळ बोला की मॅडम, न्हाई म्हनून."

"तसं म्हणता येत नाही, असं सांगितलं मी."

"आमाला येतं म्हनता. काय दाजी? कुठं गेली मगर? माझ्या भनीनं जीव दिला. ह्या मानसानं तिला तिथवर न्हेलं, आनी वर मगरीचं सोंग काढलंय."

"खरं हाय," मागनं कुणीतरी बाई म्हणाली. "त्या दिशी किती वरडत हुता."

"मामा, बसा," सुवर्णा म्हणाली. ती भिंतीला धरून उठली आणि माझ्यासमोर आली. "आबा, मगरीचं ऱ्हाऊ द्या. मला एकच सांगा. सकाळी सातला आईनं मला फोन केला हुता. म्हनाली, बाळंतपनाला आणायला मी सोता येनार, गाडी करून. आनी नवाच्या आत तिनं जीव दिला? माझा इचार बी आला न्हाई तिच्या मनात? मला झोप येत न्हाई आबा. ती आपनहून गेली का?"

हा फोन मला माहीत नव्हता. दोन महिने पोरगी काय घेऊन बसली होती ते मला तोवर कळलं नव्हतं. मला वाटत होतं, ती माझ्यावर रागावलीय.

"न्हाई," मी म्हणालो.

"मग?"

"बाटल्यांत मगर मी घातली. कृष्णेवरनं आणून."

हॉलमध्ये एकदम गलका झाला. दिनकर "बघा, बघा" म्हणत होता. सुवर्णा हलली नाही.

"मी इचारलं काय आनी सांगताय काय?"

"ती लग्नाला निघाली हुती," मी म्हणालो. "घरी भांडून मी होडीकडं गेलो. मागनं ती बांधावरनं आली, हायवेला जायाला. नवं लुगडं नेसली हुती. हातात गाठोडं हुतं, आहेराचं. मी आडवा झालो. ती म्हनाली, मारा नायतर तोडा, मी जानार. मी गाठोडं हिसकलं आनी घाटावरनं पान्यात फेकलं. आनी चालू लागलो."

गलका थांबला.

"किती लांब?" सुवर्णानं विचारलं.

"कमरंएवढ्या पान्याच्या फुडं. तिथं उतार सुरू हुतो."

"तिला पवता येत न्हवतं."

"म्हाईत हुतं मला."

"मग?"

"मागं पान्याचा आवाज झाला. मला वाटलं, गाठोडं काढायला उतरली असंल, काढंल आनी गप घरी यील. मी वळून बघितलं न्हाई."

 बाहेर सांडव्याचं पाणी ऐकू येत होतं. मला वाटलं, आता दिनकर अंगावर येणार. मी हात खाली सोडून उभा होतो. तो जवळ आला खरा. पण त्यानं हात उचलला नाही. शेवटी म्हणाला, "गाठोड्यात काय हुतं?"

"पोरीला साडी. हिरवी. पितळंचा तांब्या, त्याच्यावर तुझ्या पोरीचं नाव घालून आनलेलं. जड हुतं, म्हनून बुडालं."

दिनकरनं डोक्याची टोपी काढून तोंडावर धरली आणि खाली बसला. एवढा मोठा माणूस, हुंदक्यानं हलत होता. सुवर्णा त्याच्याजवळ गेली. तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, पण आवाज साफ होता.

"मामा, उठा. ती निघाली हुती. तुमच्याकडं यायला निघाली हुती. जीव द्यायला न्हाई."

दोघं दारातनं बाहेर गेले. जाताना तिनं मला ओलांडलं, थांबली नाही. मागनं एकेक माणूस उठून गेलं. मॅडम कागद गोळा करत होती. पिशवीची चेन लावून झाल्यावर ती म्हणाली, "हे पहिल्याच दिवशी सांगायला माझी बाटली कशाला लागली तुम्हाला?"

 

पोलिसांनी बोलावलं, जबाब घेतला, दोन-चार खेपा घालायला लावल्या आणि सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात मॅडम पुन्हा पाणी घेऊन गेली, माझ्याच होडीतून. यादीत मासे आले, कासवं आली, पाणमांजरही आलं. मगर नव्हती. आदल्या वर्षी होती का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही, असं तिनं परत एकदा सांगितलं. मी मान हलवली.

सुवर्णाला मुलगा झाला. बाळंतपण मामाच्या घरी झालं. मी पोराला बघितलेलं नाही. नऊ वर्षं झाली.

त्या दिवसानंतर मंदानं जीव दिला असं गावात कुणी म्हटलं नाही, एकदाही नाही. दिनकर दर वर्षी लग्नाच्या त्या तारखेला घाटावर हिरवी साडी सोडतो. बायका येतात, तिचं चांगलं बोलतात. मी लांब होडीत असतो. माझ्याबद्दल ते काय बोलतात ते पाण्यावरून ऐकू येतं. त्यातला एकही शब्द चुकीचा नसतो.